सातव्या फर्म्यातली आई

त्या बाइंडिंगखान्यात कादंबरी कुणी एकटी वाचत नसे. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, घड्या घातल्या की सोळा-सोळा पानांचा एकेक फर्मा व्हायचा आणि प्रत्येक बाईच्या टेबलावर एकच फर्मा. घड्या घालताना नजरेखालून जाईल तेवढीच तिची गोष्ट. दुपारी डबे उघडले की जी ती आपापला तुकडा सांगायची आणि सगळ्या मिळून कादंबरी जुळवायच्या. मधला एखादा फर्मा यायचा राहिला असेल, तर तेवढी गोष्ट स्वतःच रचून मोकळ्या व्हायच्या. पुष्कळदा ती लेखकाच्या गोष्टीपेक्षा बरी निघायची.

या बैठकीत शेवटचा शब्द ताईंचा. ताई कटिंग मशीनवर होत्या. पुस्तकांची थप्पी पात्याखाली सरकवून तिच्या तिन्ही कडा सरळ करणं हे त्यांचं काम, आणि त्या मशीनला हात लावणारी तिथली पहिली बाई त्याच. कादंबऱ्यांतल्या आयांवर त्यांचा भारी राग होता. "ही बाई जेवते तरी कधी गं?" त्या विचारायच्या. "सगळ्यांना वाढते आणि आपण पाणी पिऊन झोपते. कुणाची आई होती का अशी?"

"माझी आई तर माझ्या ताटातलंही उचलायची," एकजण म्हणायची, आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट व्हायची.

मग एक दिवस ताईंच्या लेकीचीच कादंबरी बांधायला आली. पोरीने प्रकाशकाला बजावलं होतं, पुस्तक बांधायचं तर माझ्या आईच्या हातून. ताईंची मान त्या दिवसापासून अशी ताठ की मशीनला तेल घालायलाही वाकत नव्हती. लिहिलेलं मात्र पोरीने दाखवलं नव्हतं. "छापून झाल्यावर वाच," एवढंच. पुस्तकात आई आहे, एवढं कळलं होतं. आपण काही कादंबरीतल्यासारख्या आई नव्हतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लेकीने मनात काय काय धरून ठेवलंय कोण जाणे.

दुपारी डबे उघडले. पहिल्या फर्म्यात आई पोरीला सायकल शिकवत होती. चौथ्यात ती शेजारणीशी कडाकडा भांडत होती. "अगदी तुम्हीच हो ताई!" सगळ्या खिदळल्या. सातव्या फर्म्याची पाळी आली तेव्हा ती बाई डब्यात मान घालून म्हणाली, "माझ्यात काही विशेष नाही."

ताई उठल्या, तिच्या टेबलावरून एक फर्मा उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. पोर तापाने फणफणलेली. आई तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवते, शेजारच्या काकूंना बसवते आणि कामाला निघते, कारण आज तिला कटिंगचं मोठं मशीन चालवायला मिळणार असतं. पोर रडून हाका मारते. आई दार ओढून घेते आणि मागे वळूनही न बघता जाते. तिथेच फर्मा संपला. आठवा अजून छापखान्यातच होता.

यातलं काहीच खोटं नव्हतं. त्या दिवशी खाडा झाला असता तर मशीन दुसऱ्याला गेलं असतं. घरात नवऱ्याची नोकरी धड होती, चूल पेटत होती. ताईंना ते मशीन हवं होतं, बस्स. इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणापाशी कबूल केलं नव्हतं, आणि आता ते हजार प्रतींत छापून समोर पडलं होतं. बायकांनी नजरा चुकवल्या. आठवा फर्मा रचून सांगायला कुणी पुढे आलं नाही.

संध्याकाळी घरी पाऊल टाकताच ताईंनी विचारलं, "मी इतकी वाईट होते का गं?"

लेक भाजी चिरत होती. "कुठलं वाचलंस?"

"सातवा."

"अच्छा, म्हणजे तापाचं." तिने सुरी खाली ठेवली. "त्यावरून प्रकाशकाशी माझं चांगलंच वाजलं. ते म्हणाले, घरात पीठ नव्हतं म्हणून आई गेली असं लिहा. नाहीतर तिला अर्ध्या वाटेवरून परत आणा, वाचक माफ करतील."

"मग लिहायचंस तसं."

"का म्हणून? माफी मागण्यासारखं तू काय केलंस? तुला मशीन हवं होतं, तू गेलीस आणि घेतलंस. पुस्तकातल्या आईला मुलाबाळांसाठी सगळं हवं असतं, स्वतःसाठी काही म्हणून नको असतं. मला तसली आई नव्हती. शाळेत सगळ्या पोरींना मी सांगत सुटायचे, माझी आई मशीन चालवते म्हणून. मी म्हटलं, छापायचं तर असंच छापा, नाहीतर परत द्या."

"मग?"

"मग काय, छापलं!"

ताई खुर्ची ओढून बसल्या. लेकीचा अभिमान वाटला, पण स्वभाव कुठे जातो?

"एक मात्र चुकलीस हं," त्या म्हणाल्या. "मी मागे वळून बघितलं होतं. कोपऱ्यावर थांबून बघितलं. पुढे सगळी वाट डोळे पुसत गेले."

"माहितीये मला."

"तुला कसं माहीत? तू तर आत तापात पडली होतीस."

"काकूंचा डोळा चुकवून खिडकीत आले होते. पडद्याआडून बघत होते तुला." लेकीने पुन्हा सुरी हातात घेतली. "ते मुद्दामच नाही लिहिलं, आई. ते आपल्या दोघींचं आहे. लोकांना कशाला द्यायचं?"