विटेतली खुंटी

आमच्या गावच्या जुन्या वेशीचा एकच विटांचा खांब उरला आहे. रझाकारांच्या काळात गावातल्या काही माणसांना त्याला टेकवून गोळ्या घातल्या. त्यात माझ्या सासूचा धाकटा भाऊ होता. विटांत गोळ्यांची छिद्रं राहिली. पुढं गावानं भोवती ओटा बांधला आणि त्यालाच स्मारक म्हटलं. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी सासू त्या छिद्रांत बोटानं तेल सोडायची.

मी नवी सून होते. दिसायला नीटस आणि डोक्यानं रिकामी. मला दिसला तो गावातला सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात तापणारा ओटा. मी त्यावर कुरडया घातल्या. समोरच्या कडुलिंबापासून दोरी ताणायची होती, म्हणून खांबाच्या एका छिद्रात बाभळीची खुंटी ठोकली आणि नवऱ्याची धोतरं वाळत टाकली. वर स्वतःच्या हुशारीवर खूश!

सासू धावत आली. खुंटी निघेना, तेव्हा तिनं ती दगडानं ठेचून मोडली. निम्मी आतच राहिली.

"माझ्या भावाच्या छातीत ठोकलीस गं," एवढंच म्हणाली.

आणि मी रडले. कशासाठी? तर त्या गडबडीत माझी कुरडई तुटली म्हणून! असं ते ध्यान.

काही वर्षांनी सासू वारली. मग कुणा पुढाऱ्याला खांब भिकार दिसला. सिमेंटचा गिलावा झाला, वर हिरवा ऑइलपेंट. छिद्रं गडप.

आता दुरुस्ती निघाली. स्मारक समितीच्या अध्यक्षाला हवा चकचकीत ग्रॅनाईट. त्यासाठी मशीननं गिलावा विटांसकट घासायचा. मी ओट्यावर जाऊन बसले.

"आजी, उठा. काम करून राहिलो आमी," कंत्राटदार म्हणाला.

"काहून? तुझ्या सासऱ्याची न्हाणी हाय व्हय ही? खाली गोळ्यांची छिद्रं हायेत."

अध्यक्ष हसला. "छिद्रं-बिद्रं काही न्हाईत. म्हाताऱ्या बायांच्या गप्पा."

"तुझा आजा तवा ज्वारीच्या कणगीत लपला होता. त्याला कशी दिसतील?"

जिल्ह्याहून तपासायला आलेल्या बाई मात्र म्हणाल्या, "एक तरी छिद्र दाखवा. मग ग्रॅनाईट नाही."

दाखवू कुठलं? सगळा खांब हिरवागार. मी लिंबाकडं बघितलं. दोरी तिथून यायची, माझ्या खांद्याएवढी उंच. तेव्हा मी ताठ होते, म्हणून आता हात डोक्यावर न्यावा लागला. तिथं गिलाव्याला फुगवटा होता. पाणी पिऊन लाकूड फुगलं होतं. कंत्राटदाराचा हातोडा हिसकावला आणि हाणला. खपली पडली. आत खुंटीचं काळं बूड! बाईंनी ते पकडीनं उपसलं. मागं खोल, गोल छिद्र.

अध्यक्षानं लगेच मोबाईलवाला बातमीदार बोलावला. "आजी, तुमी मुद्दाम जपून ठेवली खुंटी, असं सांगा बरं." आणि फोटोसाठी छिद्रात बोट घालायला निघाला.

मी फाडकन त्याच्या हातावर मारली. "बोट मागं घे, मुडद्या! आन् मी धोतरं वाळत घातली होती, तसंच छाप."

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तेवढीच कानाला विश्रांती. विटेला धक्का न लावता छिन्नीनं गिलावा निघतो आहे, पण ग्रॅनाईटच्या लाद्या अजून ओट्याखाली रचलेल्या आहेत. त्या गाडीत चढेपर्यंत मी हलणार नाही. ऊन वाया जाऊ नये म्हणून तिथंच कुरडया घालते. दोरी मात्र लिंबाच्याच दोन फांद्यांना बांधते.