सूर्यभाननं लावलेली तार

सूर्यभान जेवायला बसला तरी त्याची नजर गॅसच्या जाळावर असायची. बायको मनकर्णा म्हणायची, "आहो, ही तुमची भट्टी नव्हं. भाकरी आहे, खा." सव्वीस वर्षं ज्यानं सरकारी प्रयोगशाळेत भट्टी राखली, त्याला जाळ दिसला की राहवत नसे.

प्रयोगशाळेत त्याच्या वरच्या म्हणजे जामबाग मोहल्ल्यात राहणाऱ्या इंदुताई. चारचौघांत "मॅडम", एरवी "ताई". त्यांचं काम असं, की एका बाजूनं हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं हवा. दोघांचं जमलं की वीज निघते आणि खाली नुसतं पाणी पडतं. पण लग्न जमवायला जसा मध्यस्थ लागतो, तसा इथंही लागतो. तो मध्यस्थ प्लॅटिनम, आणि त्याचा भाव वरमाईच्या रुसव्यापेक्षा महाग! ताईंना गरिबाला परवडेल असा मध्यस्थ हवा होता. लोखंडाचा क्षार, कोळशाची पूड आणि आणखी काय काय एकत्र करून सूर्यभान ते हवा न लागू देता भट्टीत भाजायचा. अकरा वर्षं हेच चाललं होतं. ताई अजून कच्च्या नोकरीतच, दरवर्षी मुदत वाढवून मिळायची.

मग दोन हजार चौदा साल आलं, राज्याची वाटणी होऊन एकाची दोन राज्यं झाली. भावाभावांच्या वाटणीत तांब्या-पेला मोजतात, इथं टेबलं, कपाटं आणि माणसं मोजायला लागले. ज्या विभागाचं काम दिसणार नाही तो बंद, असं ठरलं. सोमवारी समिती यायची होती. काम दिसलं तर विभाग राहणार आणि ताई पक्क्या होणार.

शुक्रवारी शेवटची चाचणी लावायची होती. काचेच्या भांड्यात आम्ल, त्यात एका दांडीवर ताईंची काळी पूड, आणि समोर विजेची वाट पुरी करायला साधी कोळशाची कांडी. ताई कागद घेऊन सचिवालयात गेल्या होत्या. सूर्यभान कांडी पुसायला गेला आणि ती मोडली. दुसरी आणावी तर वाटणीच्या मोजणीसाठी कोठीला लाखेचं सील. ताईंचा फोन लागेना. जुन्या खणात प्लॅटिनमची तार पडली होती. रोजचा कप फुटला की मनकर्णा पाहुण्यांसाठी सोनेरी काठाचा कप काढायची. सूर्यभाननं तसंच केलं. तार लावली, चाचणी सुरू झाली.

दोन दिवस विजेचा आकडा चढतच राहिला. एरवी संध्याकाळपर्यंत तो मावळायचा. शनिवारी रात्री फोन लागला तेव्हा सूर्यभाननं ताईंना तेवढा आकडाच सांगितला.

रविवारी सकाळी ताई नारायणगुड्याहून पेढे घेऊन आल्या. "दादा, आपल्या लोखंडानं प्लॅटिनमची बरोबरी केली हो! आईला सांगूनसुद्धा टाकलं, पोरगी पक्की झाली म्हणून."

"मग! कांडी मोडली तरी मी डगमगलो नाही, ताई. सरळ प्लॅटिनमची तार लावली. समिती यायची, तिच्यापुढं हलकं कशाला ठेवायचं?"

पेढा ताईंच्या हातातच राहिला.

"दादा," त्या हळू म्हणाल्या, "ती तार आम्लात कणाकणानं विरघळते आणि समोरच्या पुडीवर जाऊन बसते. दोन दिवस राबलं ते प्लॅटिनमच. आपलं लोखंड नव्हे."

सूर्यभाननं दार लोटून घेतलं. "कुणाला दिसतं का ते?"

"उद्या तरी नाही दिसणार."

"मग नक्को सांगू, ताई. मी मेलो तरी बोलणार नाही."

"अकरा वर्षं लोकांना सांगतेय, यात प्लॅटिनम नाही. उद्या कोणत्या तोंडानं सांगू?"

पुन्हा चाचणी घ्यायची तर नवी कांडी हवी आणि दोन दिवस हवेत. दोन्ही नव्हतं. सोमवारी ताईंनी समितीला खरं ते सांगितलं, आणि जुने मावळते आकडे पुढं ठेवले. समितीनं चहा घेतला, मान डोलावली. दहा दिवसांनी विभाग बंद झाल्याचा कागद आला.

सूर्यभानला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं कचेरीतल्या केशवरावांकडून ताईंचा अहवाल वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं : तार लावण्याची चूक माझी.

"पण ती तर मी लावली!"

"फाइल गेली काका. अब कायकू परेशान होते?"

सूर्यभान तसाच चालत जामबागला गेला. ताईंनी चहा आणून ठेवला.

"माझं नाव का नाही घातलं, ताई?"

"तुमची चार वर्षं राहिलीत, दादा. पेन्शन अडकवली असती त्यांनी."

"आणि तुमचं?"

"माझी नोकरी पक्की होती कुठं जायला?" ताई हसायला गेल्या, हसू आलं नाही.

एवढ्यात आतून त्यांची म्हातारी आई भिंतीला धरत धरत आली. ताईंनी घाईनं सूर्यभानकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. समितीपुढं जे बोलता आलं, ते त्यांना आईपुढं बोलता आलं नव्हतं.

"सूर्यभान आला का?" म्हातारीनं चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "भट्टीपाशी तू होतास रे बाबा, म्हणून माझी पोरगी पक्की झाली. आता मी सुखानं डोळे मिटते."

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"हौ, आई," सूर्यभान म्हणाला, आणि न पिलेला चहा तसाच ठेवून चपला शोधायला लागला.