चष्म्यात अडकलेला हार

आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात, पण घरी त्यांचा जीव जॅझमध्ये. त्यात पुढचं काही ठरलेलं नसतं. भलताच सूर लागला तरी थांबायचं नाही, त्यालाच धरून पुढं जायचं. आमची ज्योत्स्ना ते ऐकतच मोठी झाली आणि फोटोग्राफर झाली.

वलगावचं नात्यातलं लग्न ही तिची पहिलीच ऑर्डर. बुद्धवंदना झाली. नवरीनं घातलेला हार नवरदेवाच्या चष्म्यात अडकला, चष्मा लोंबकळला, दोघंही हसत सुटले. ज्योत्स्नानं तेवढ्यात फोटो काढला.

नवरदेवाचे मामा म्हणाले, "बिघडला ना वं फोटो. परत हार घालाले लाव."

सगळे फोटोवाले तसंच करतात. मामा चिडले तर पोरीचं नाव पहिल्याच दिवशी खराब होणार, म्हणून मी मनातल्या मनात बुद्धाला हात जोडले.

ती म्हणाली, "हार परत घालता येईन मामाजी, पण हे हसणं कुठून आणू? आमच्या बाबाच्या जॅझसारखंच हाय हे."

तिनं कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. मामा पाहतच राहिले.

"आमचं पोट्टं फोटोत कदी हसलंच नाई," ते म्हणाले. "राहू दे हाच."

मी पदर नीट केला आणि सगळ्यांना दिसेल अशी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.