माल पाहिल्याशिवाय भाव नाही

आरोग्यविम्याची मंजुरी कशी द्यावी हे साऱ्या देशात एकाच माणसाला कळलेलं आहे, आणि तो माझा साडू निघावा हे माझं नशीब. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अंजनगाव सुर्जीला भाजीपाला पिकवतात आणि पहाटे बाजारात हर्रासाला, म्हणजे लिलावाला, उभे राहतात. जन्म हर्रासात गेल्यामुळे कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर एकच: "माल पायल्याबिगर भाव कराचा नाई." ऑपरेशनला परवानगी देणारा विमा कंपनीचा डॉक्टर दूर कुठेतरी बसून नुसत्या कागदावरून ठरवतो, हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली. "जो नाई म्हनते, त्यानं खाटेपाशी येऊन, पेशंटच्या तोंडाकडं पाहून नाई म्हनावं," ही त्यांची सुधारणा. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त, इतकंच काय, चुलत्याच्या तेरवीतही त्यांनी ती मांडली. चुलत्याला त्याचा उपयोग नव्हता, पण बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

या सुधारणेचा पहिला प्रयोग माझ्यावर झाला. पित्ताशयात खडे झाले म्हणून मी अकोल्याच्या एका दवाखान्यात उपाशीपोटी पडलो होतो. डॉक्टर तयार, मी तयार, मंजुरी तेवढी येत नव्हती. मी अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवतो. भाषा शुद्ध असली की कामं होतात या समजुतीने कंपनीला एक सविनय पत्र पाठवून मी निवांत होतो. तेवढ्यात साडू आले. उपाशी माणसाला भेटायला येताना त्यांनी वांग्यांची थैली आणली होती. कॅशलेसच्या काउंटरवरच्या मुलीकडून त्यांनी कंपनीच्या डॉक्टरला फोन लावून घेतला आणि स्पीकर लावून तो माझ्यापुढे धरला. "साहेब, तुमाले येनं होत नाई, म्हून मालच फोनवर आनला. आयका!" मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "कण्हा, मास्तर! जोरानं कण्हा!" पलीकडून डॉक्टरांनी अदबीने विचारलं, "नमस्कार सर, कसे आहात?" आणि जन्मभराचे संस्कार आडवे आले. पोटात कळ उठत असताना मी म्हणालो, "मी बरा आहे. आपण कसे आहात?"

मंजुरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. "एवढे शिकले अन् कण्हता येत नाई?" एवढंच साडू बोलले. पुढे साऱ्या नातेवाइकांत ही गोष्ट सांगताना ते माझा आवाज काढत, आणि तो हुबेहूब असे.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्याच छातीत दुखू लागलं. अमरावतीला आणलं. धमनी तुंबलेली, थांबण्यात धोका आहे असं डॉक्टर म्हणाले. खरोखर गरज आहे का ते तपासतो, असं कंपनी म्हणाली. पदरचे पैसे भरण्याची ऐपत ना त्यांची, ना माझी. माझा धडा आता पाठ होता. मी फोन लावला. कंपनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशंटला द्या. मी स्पीकर लावून फोन साडूंच्या तोंडाशी धरला. पायथ्याशी त्यांची बायको पदर मुठीत धरून उभी होती. साडूंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी? एकदम मस्त आहो, बाई. हे मास्तर उगाच घाबरून राहिले."

मी फोन ओढून घेतला. "खोटं बोलून राह्यला तो!" मी ओरडलो. "बायको समोर हाय म्हून मस्त म्हनते! सकायपासून छाती दाबून पडला हाय! तुमी इथं या, त्याच्या तोंडाकडं पाहा, अन् मंग नाई म्हना!" पुढचं मला बोलता येईना. बाईंना ऐकू गेलं ते माझं कण्हणंच.

तासाभरात मंजुरी आली. स्ट्रेचरवरून जाताना साडूंनी माझा हात धरला. "जमलं, मास्तर," म्हणाले.

आता ते बरे आहेत, असं ते म्हणतात. फोन केला की एकच उत्तर: "मस्त!" मी त्यावर विश्वास ठेवत नाही. रविवारी एस.टी. धरून अंजनगावला जातो, शेतात त्यांच्यासमोर उभा राहतो आणि तोंडाकडे नीट पाहतो. वांग्यांचं टोपलं हल्ली ते वाटेत एकदा खाली ठेवतात. मी पाहिलं हे त्यांना कळतं, आणि ते घाईघाईने बाजारभावाचं बोलू लागतात.