पान्यांगचा पिवळा दोरा

पान्यांगच्या बोटांना नावं ठेवायची हिंमत आख्ख्या ताल गावात फक्त माझ्यात आहे. मी तिची कुमारे. तिच्या मुलाच्या, जोमारच्या, बाप्तिस्म्याला मी त्याची धर्ममाता झाले, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना कुमारे म्हणतो आणि रोज भांडतो. तिचं पूर्ण नाव एपिफानिया मारासिगान, वय बासष्ट. पंचेचाळीस वर्षं तिने अननसाच्या धाग्याच्या कापडावर भरतकाम केलं. नवरदेवाच्या झिरझिरीत सदऱ्यावर तिने काढलेली वेल उलटून बघितली तरी गाठ सापडत नाही. मी शोधून थकले.

हल्ली ती व्हेपच्या, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटच्या, कॉइली करते.

याला कारण जोमार. दोन-तीन जाड तारा शेजारी शेजारी धरायच्या, त्यांच्यावर केसासारखी बारीक तार वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळत न्यायची, आणि मग ती सगळी तार सळईवर पाच-सहा फेरे देऊन वळवायची. झाली कॉइल, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. अशा गुंडाळलेल्या तारेने धूर दाट येतो म्हणे. मला त्यातलं काही कळत नाही. पोरं माझ्या दुकानासमोर उभी राहून आंब्याच्या वासाचे ढग सोडतात आणि तो वास माझ्या सुक्या मासळीला लागतो, एवढंच मला माहीत. तर जोमारने तारेचं एक टोक ड्रिलला लावलं होतं, दुसरं गळाच्या दोरीला असते तसल्या फिरत्या कडीला, आणि बारीक तार सारखी तुटत होती. पान्यांग दारात बसून भरतकाम करत होती.

"ओढतोयस कशाला तिला?" ती म्हणाली. "ती चालतेय ना तिची ती? तू नुसता सोबत चाल."

पाचव्या मिनिटाला ड्रिल तिच्या हातात होतं. पुढे जोमार सौदीला गेला. ड्रिल इथेच राहिलं, आणि लिपापासून बातांगासपर्यंतची व्हेपवाली पोरं तिच्या अंगणात येऊ लागली.

तारा ती भरतकामाच्या लाकडी रिळांवर ठेवते. रोजच्या तारेच्या रिळाला खूण नाही, इतर प्रत्येक तारेच्या रिळाला रेशमाचा रंगीत दोरा बांधलेला. चिठ्ठ्या लावायचा तिला कंटाळा. आणि मोजायचा तर त्याहून कंटाळा. कॉइल बसवण्याआधी ती वीज किती अडवते ते मीटरवर बघायचं असतं. जोमारचं मीटर तिच्या कपाटात पडून होतं. ती म्हणायची, "माझी बोटं कशाला आहेत मग?"

गेल्या वर्षी रेनांते नावाच्या पोराने तिच्या अंगणात बसून तिच्याच कॉइलला मीटर लावलं. हा रेनांते मिंदोरो बेटाच्या फेरीबोटीवर इंजिनाचं तेलपाणी बघतो, दोन लहान मुलींचा बाप आहे. पान्यांग अशी भडकली की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"माझ्या अंगणात बसून माझंच माप काढतोस? नवरीची आईसुद्धा माझे टाके मोजत नाही!"

पोरगं कानापर्यंत लाल झालं. छातीवर क्रूस काढून म्हणालं, "चुकलो, नानाय. शब्द देतो, यापुढे मोजणार नाही, तुमच्या पुडीतून थेट व्हेपच्या नळीत."

नानाय म्हणजे आई. त्या एका शब्दावर पान्यांग विरघळली आणि वर त्याला तांदळाचा सुमान खायला दिला.

आता माझा अपराध. माझ्या नातीचा, मिकायचा, पहिला कम्युनियन जवळ आला होता. पान्यांगने तिच्या पांढऱ्या फ्रॉकवर सांपागिताची पांढरी फुलं भरली. मी बघितलं आणि माझी जीभ काही गप्प बसेना.

"कुमारे, ही फुलं आहेत की लाह्या? मधे जरा पिवळं टाक की."

"पिवळं रेशीम संपलंय."

"मग राहू दे. माझी नात लाह्या घालून चर्चमध्ये जाईल."

ती धुसफुसत आत गेली आणि वीतभर पिवळा दोरा घेऊन आली. कुठून आणला ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी आठला, मी फ्रॉकची किनार आवळून घ्यायला तिच्याकडे गेले. तिने कडक बाराको कॉफी ओतली. स्वारी खुशीत होती.

"काल तार काय वळत होती, कुमारे! लोण्यासारखी. आता कुठे हात बसला बघ. पहाटे रेनांते कॉइलची जोडी घेऊन गेला."

मी फ्रॉक मांडीवर पसरला. तिची नजर त्या पिवळ्या टिपक्यांवर गेली आणि तिथेच थांबली. कप तसाच ठेवून ती रिळांच्या पेटीकडे धावली. खूण नसलेली दोन रिळं घेऊन आली. एका तारेला बोटाने वाकवलं तर ती उसळून सरळ झाली. दुसरी वाकवली तशीच मेल्यासारखी पडून राहिली.

"ही निकेल आहे," ती म्हणाली. "पिवळा दोरा हिचा होता. तुझ्या फुलांसाठी मी सोडला आणि परत बांधायला विसरले."

निकेलची तार विजेला जवळजवळ अडवतच नाही. सुरक्षेचं यंत्र असलेल्या व्हेपमध्ये फार तर ते यंत्र वीज तोडतं. पण रेनांतेकडे नुसती पितळेची नळी होती, आत बॅटरी आणि बुडाला बटण. ते बटण दाबलं की सगळी वीज एकदम सुटणार आणि बॅटरी हातातच फुटणार, तोंडापासून वीतभर अंतरावर. मोजलं असतं तर कळलं असतं. पण न मोजण्याचा शब्द पान्यांगनेच त्याच्याकडून घेतला होता ना!

फोन लावला, बंद. बोट सुटली की तो इंजिनाजवळ असतो, फोन पेटीत. निरोपावर निरोप टाकले, एकही पोचल्याची खूण दिसेना. बोट मिंदोरोला जाऊन साडेअकराला परत लागणार होती. आम्ही होतो तशा बंदराकडच्या जीपनीत बसलो. मी तर फ्रॉकसकट.

"बोटांनी सांगितलं होतं गं," वाटेत ती एवढंच बोलली. "तार मऊ आहे, मऊ आहे म्हणून सांगत होती. मला वाटलं, माझीच तारीफ करतायत."

मी आपली ड्रायव्हरवर तोंडसुख घेत होते. प्रत्येक कोपऱ्यावर तो माणसं भरायला थांबायचा. शेवटी तो म्हणाला, "काकी, तुम्हीच चालवा!" मी म्हटलं, "दे इकडे!" आख्खी जीपनी हसली. पान्यांग मात्र जपमाळ ओढत होती.

बोट लागली. आधी ट्रक उतरले, मग मोटारी, मग कोंबड्यांच्या पेट्या घेतलेली माणसं. सगळे उतरले तरी रेनांतेचा पत्ता नाही. आणि मग खांद्यावर टॉवेल टाकून, शीळ घालत, स्वारी उतारावरून खाली आली.

पान्यांगने धावत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. उताणे केले, पालथे केले आणि बाळंतिणीने बाळाची मोजावीत तशी त्याची बोटं मोजली.

"दहा," ती म्हणाली. मग त्याची हनुवटी धरून तोंड इकडे-तिकडे वळवून पाहिलं. "माझी पुडी कुठाय?"

रेनांतेचा चेहरा पडला. "नानाय, तुम्हाला कोणी सांगितलं? रागावू नका. मी शब्द मोडला."

"काय केलंस?"

"मोजली. लपून. नेहमीच मोजतो." त्याने मान खाली घातली. "इंजिनवाला माणूस मी. न मोजता तेलाचा थेंबसुद्धा टाकवत नाही हो. पण आज मीटर भलतंच सांगायला लागलं, जवळजवळ शून्य. मी मीटरलाच शिव्या घातल्या. म्हटलं, नानायचा हात चुकणार नाही, मीटरच बिघडलंय. संध्याकाळी घरी जाऊन तशीच बसवणार होतो."

पान्यांग तिथेच दोरखंड बांधायच्या लोखंडी खुंटावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. रडता रडता तिने त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मीसुद्धा मिकायच्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसून मोकळी झाले. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. बिचारा रेनांते दोन म्हाताऱ्यांकडे आळीपाळीने बघत होता. पुडी तिने काढून घेतली, मग सगळं सांगितलं, तेव्हा मात्र तो मटकन तिच्या शेजारी बसला. नंतर आम्ही तिघांनी बंदरावर लोमीच्या गरम, रसदार शेवया खाल्ल्या. चिमणीसारखं खाणाऱ्या पान्यांगने दोन वाडगे संपवले.

फुलांतलं पिवळं उसवून परत देते म्हटलं, तर ती माझ्या अंगावर आली, "हात लावून तर बघ!" निकेलच्या रिळाला तिने आता लाल चिंधी बांधली आहे, चांगली हातभर लांब. जोमारचं मीटर कपाटातून निघून दाराशी खिळ्याला लटकलं आहे.

परवा रेनांते नवी जोडी घ्यायला आला. अदबीने पुडी थेट खिशात घालू लागला.

"थांब," ती म्हणाली. "बस तिथे. माझ्यासमोर मोज."

त्याने मोजायला घेतलं. ती हाताची घडी घालून रस्त्याकडे बघत राहिली, जणू तिचं लक्षच नव्हतं.

"बरोबर आहे, नानाय."

"बरोबरच असणार. मी पण मोजलीय." मग तो फाटकापर्यंत गेल्यावर तिने त्याला हाक मारली. "आणि पोरा, मला दिलेला शब्द असाच मोडत जा."