पावलं पुसणारा

ऑक्टोबरात उकाडा उतरला की तुम्ही दुबईबाहेरच्या वाळवंटात, गेस्टहाउसवर राहून हरणं बघता. तिथे तुमचा नाश्ता कोण बनवतं, कधी विचारलंत?

तिथला केअरटेकर गुहागरकडचा. मी पहाटे किराणा पोचवायला जातो, तेव्हा तो खराट्यानं वाळू सारखी करत, उलटं चालत स्वतःची पावलं पुसत असतो. "पाव्हण्यांना हरणांचेच पाय दिसायला हवेत, भाऊ."

पाहुणे अभिप्रायाच्या वहीत लिहितात, 'इथे माणूसच नाही, फक्त आम्ही आणि हरणं.' हे तो मला अभिमानानं वाचून दाखवायचा. परवा तेच वाचून मालकानं विचारलं, "मग तुझा व्हिसा पुन्हा कशाला काढू?"

"खलास," तो मला म्हणाला आणि माझीही पावलं पुसायला लागला. मला मालकाचा राग आला, तुमचाही.

या सीझनला गेलात, तर वहीत लिहा की इथे एक माणूस आहे.