जखडलेलं इंजिन

समस्त जनांस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, माझी घोर फसवणूक झाली आहे! पुतणी केतकीच्या विद्यापीठात वरची हवा तपासणाऱ्या रॉकेटचं उड्डाण बघायला आम्ही नारळ घेऊन गेलो, तर तिनं बनवलेलं इंजिन काँक्रीटला बोल्टांनी जखडलेलं.

"काका, आज नुसती चाचणी!"

इंजिन पेटलं, गरजलं, थरथरलं, पण जागचं हललं नाही. उडण्यासाठीच घडवायचं आणि बांधून ठेवून जोर बघायचा, ही कुठली रीत?

केतकी खालमानेनं आकडे टिपत होती. इंजिन चाललं तर परगावी शिकायला पाठवीन, हा शब्द तिच्या वडिलांनी, आमच्या दादानं, सकाळीच फिरवला होता. आता तोच सर्वांत जोरात टाळ्या पिटत होता.

आमची ही एकदम ओरडली, "अहो भावजी, टाळ्या कसल्या वाजवताय? सोडा की पोरीला!"